मंद वाऱ्याचे मोजमाप आणि साधनाचे अंशांकन
(इयत्ता सातवीच्या सामान्य विज्ञानासाठी एक पाठ)



हवा व हवामान हा घटक शिकविताना आपल्यापैकी अनेकजण मुलांकडून वायुवेगमापक करवून घेतात. अर्ध्या कापलेल्या चेंडूंच्या किंवा कागदी पेल्यांच्या चार वाट्या दोन आडव्या पट्ट्यांना लावावयाच्या, मध्ये खिळा ठोकावयाचा, आणि वाऱ्यात धरले की चक्र फिरू लागते. मुलांस आनंद होतो. विज्ञान प्रदर्शनात हे साधन मांडले जाते. पण ‘चक्राचे मिनिटात वीस फेरे झाले, तर वारा किती?’ असे एखाद्या पाहुण्याने विचारले, म्हणजे उत्तर मिळत नाही. जे साधन फिरते पण सांगत नाही, त्यास खेळणे म्हणावे लागते. खेळण्याचे साधन होण्यासाठी जो संस्कार त्यावर करावा लागतो त्याचे नाव अंशांकन. साधनावरील प्रत्येक खूण म्हणजे प्रत्यक्षात किती, हे ज्ञात मापाशी ताडून ठरविणे, असा त्याचा अर्थ आहे. प्रस्तुत पाठ त्याविषयी, व त्यातही मंद वाऱ्याविषयी आहे.

१. प्रयोजन

सोसाट्याचा वारा कळण्यास साधन लागत नाही. मंद वाऱ्याची गोष्ट निराळी आहे. वाऱ्याच्या बोफर्ट श्रेणीत सेकंदाला ०·३ मीटरपेक्षा कमी वेग म्हणजे निःस्तब्ध हवा होय. ०·३ ते १·५ मीटरपर्यंत धुराचा कल दिसतो, परंतु वातकुक्कुट मात्र हलत नाही. १·६ ते ३·३ मीटर झाले म्हणजे चेहऱ्यास वारा जाणवतो व पाने सळसळतात. म्हणजे सेकंदाला दीड मीटरच्या आतील वाऱ्याविषयी आपली त्वचा व वातकुक्कुट ही दोन्ही जवळजवळ मुकी असतात.

नेमक्या याच वाऱ्यावर गावातील कित्येक कामे अवलंबून आहेत. खळ्यावर तिवईवर उभा राहून धान्य उफणणारा शेतकरी अशाच झुळकेची वाट पाहतो. वारा पडला तर भूस दाण्यातच राहते, वाढला तर हलका दाणाही भुसाबरोबर जातो. परंतु याहून गंभीर बाब फवारणीची आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती व ती सर्व वाऱ्याशी निगडित नव्हती. तथापि औषधाचे तुषार कोठे जातात हे वाराच ठरवितो, हे विसरता येत नाही. वारा अधिक असेल तर तुषार शेजारच्या शेतात, विहिरीवर किंवा फवारणाऱ्याच्या अंगावर येतात. उलट अगदी निःस्तब्ध हवेत, विशेषतः पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर बसलेला असताना, बारीक तुषार खाली न बसता तरंगत राहतात व मागाहून कोठेही वाहत जातात. ब्रिटनमधील फवारणीविषयक संहितेत नोझलच्या उंचीवर ताशी सुमारे ३ ते साडेसहा किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ०·९ ते १·८ मीटर, अशी झुळूक अनुकूल मानली आहे. ही मर्यादा इतकी अरुंद आहे की ‘वारा बेताचा आहे’ एवढ्या शब्दांनी भागत नाही. आकडा लागतो, आणि तो आकडा विश्वासार्ह असावा लागतो.

२. शिक्षकांसाठी पार्श्वभूमी

मंद वारा मोजणे कठीण का? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा पाण्याचा स्तंभ सुमारे ६ मिलिमीटर उचलू शकतो. वेग दहावा हिस्सा, म्हणजे १ मीटर झाला, की हा दाब शंभरावा हिस्सा होतो. स्तंभ उचलला जातो अवघा ०·०६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास वहीच्या एका पानाच्या जाडीइतका. इतक्या अल्प दाबाने चक्र फिरवावयाचे तर खिळ्याचे घर्षणच आड येते. वाट्यांचे चक्र एका ठराविक वेगाखाली मुळीच हलत नाही. त्या वेगास आरंभवेग म्हणावे. चक्र थांबलेले दिसले म्हणजे वारा नाही असे नव्हे. वारा आरंभवेगापेक्षा कमी आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

प्रयोगशाळेत तापविलेल्या बारीक तारेने मंद वारा मोजतात. वारा लागला की तार निवते व त्यावरून वेग काढतात. पण तेथेही अडचण आहेच. तारेच्या उष्णतेने भोवतालची हवा आपोआप वर चढू लागते, आणि वारा फारच मंद असला तर साधनास वाऱ्याने निवणे व स्वतःच्याच उष्णतेने निर्माण झालेल्या प्रवाहाने निवणे यांतील भेद कळत नाही. मंद वेगात साधन स्वतःच मोजमापात ढवळाढवळ करते, हे तत्त्व ध्यानात ठेवावे.

अंशांकनाविना साधनावर विश्वास ठेवला म्हणजे काय होते, याचे एक बोधप्रद उदाहरण इतिहासात आहे. आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेचे रॉबिन्सन यांनी १८४६ साली चार वाट्यांचा वायुवेगमापक प्रसिद्ध केला. वाटी वाऱ्याच्या एकतृतीयांश वेगाने फिरते, व वाटी लहान असो वा मोठी, भुजा आखूड असो वा लांब, हे प्रमाण बदलत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून वाटीच्या वेगास तीनने गुणून वाऱ्याचा वेग काढण्याचा प्रघात पडला. पुढे ही साधने ज्ञात वेगाने हवेतून फिरवून तपासली गेली, तेव्हा हा गुणक साधनागणिक निराळा व बहुधा तीनपेक्षा कमी असल्याचे आढळले. म्हणजे मध्यंतरीच्या काळात नोंदलेला वारा प्रत्यक्षापेक्षा अधिक नोंदला गेला होता. साधन उत्तम होते. त्यावरचे आकडे तपासलेले नव्हते.

३. मूलतत्त्व

आता मुख्य प्रश्न असा की, ज्याचा वेग आधीच निश्चित माहीत आहे असा वारा आणावयाचा कोठून? मोठ्या संस्थांत त्यासाठी वातविवर, म्हणजे पंख्याने एकसारखा वारा सोडण्याचा बोगदा, असतो. आपल्या शाळेत तो नाही. परंतु या अडचणीवरील तोड वातविवरापेक्षा जुनी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्स यांनी लांब भुजेच्या टोकाशी वस्तू बांधून ती स्थिर हवेत गरगर फिरविली व हवेचा विरोध अभ्यासिला. वारा साधनाकडे आला काय किंवा साधन स्थिर हवेतून पुढे गेले काय, साधनाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. शांत दिवशी सायकलवरून जाणाऱ्या मुलाच्या तोंडावर वारा लागतो, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. तो वारा मुलाने स्वतःच निर्माण केलेला असतो व त्याचा वेग सायकलच्या वेगाइतकाच असतो.

साधनाचा वेग काढणे अगदी सोपे आहे. अंतर मोजावे, वेळ मोजावी, भागाकार करावा. आज प्रगत देशांच्या मानक प्रयोगशाळांत वायुवेग लेसर किरणांनी मोजतात. पण ते लेसर साधनही ज्ञात व्यासाची तबकडी ज्ञात गतीने फिरवून तिच्या कडेवर तपासलेले असते. म्हणजे तेथेही अखेरचा आधार लांबी व वेळ हाच. मोजपट्टी व घड्याळ ज्या शाळेत आहे, तिच्यापाशी अंशांकनाचे मूळ साहित्य आहे, हे मुलांच्या मनावर ठसविणे हाच या पाठाचा गाभा होय.

४. साधन

मंद वाऱ्यासाठी वाट्यांच्या चक्राऐवजी झुलती पट्टी घ्यावी. घर्षण अत्यल्प असल्याने ती हलक्या झुळुकीनेही हलते. ही युक्ती फार जुनी आहे. इटलीतील आल्बेर्ती यांनी सुमारे १४५० साली अशाच झुलत्या फळीच्या वायुवेगमापकाचे वर्णन केले होते.

साहित्य : पोस्टकार्डाच्या आकाराचा व जाडीचा सपाट कागद, संपलेल्या रिफिलची स्वच्छ नळी, पातळ सरळ तार, पुठ्ठा, कोनमापक, बांबूच्या पट्ट्या, दीड मीटर लांबीची काठी, मोजपट्टी, सेकंदकाटा असलेले घड्याळ किंवा मोबाइल, उदबत्ती व एक सायकल.

कृती : कागदाच्या आखूड कडेस रिफिलची नळी चिकटवावी. नळीतून तार ओवून तारेची दोन्ही टोके बांबूच्या चौकटीत आडवी बसवावी. पट्टी दारासारखी सैल झुलली पाहिजे. तारेच्या एका टोकाशी, पट्टीपासून दोन बोटे अंतरावर, पुठ्ठ्याचा पाव वर्तुळाचा तुकडा उभा लावून त्यावर ० ते ९० अंश आखावेत. पट्टी सरळ लोंबत असता ० अंश दिसावा. पुठ्ठ्याची कड वाऱ्यास समोर यावी, पृष्ठभाग नव्हे. अन्यथा पुठ्ठाच वारा अडवील. चौकट काठीच्या टोकास घट्ट बांधावी.

५. अंशांकनाची कृती

(अ) जागा : शाळेचा लांब व्हरांडा किंवा दारे-खिडक्या लावलेले मोठे दालन निवडावे व पंखे बंद करावेत. उदबत्ती लावून पाहावी. धूर हातभर तरी सरळ वर गेला पाहिजे. तो झुकत असेल तर अंशांकन त्या वेळी करू नये.

(आ) आखणी : जमिनीवर खडूने १० मीटर अंतराच्या दोन रेषा आखाव्यात. दोन्ही बाजूंस किमान दोन-दोन मीटर जागा मोकळी असावी. सायकल निघताना पट्टी हेलकावते. रेषा गाठेपर्यंत ती स्थिर झाली पाहिजे, यासाठी ही मोकळी जागा आहे.

(इ) सायकल : काठी सायकलवर लांबीच्या दिशेने आडवी बांधावी व साधन पुढच्या चाकाच्या पुढे सुमारे एक मीटर राहील असे करावे. चालणाऱ्या माणसाचे शरीर आपल्याभोवतीची हवा ढवळते. साधन त्याच्या लगत असता कामा नये. सायकलवर बसावयाचे नाही. एका मुलाने ती एकसारख्या चालीने ढकलत न्यावयाची. हातात काठी धरून चालल्यास पावलागणिक पट्टी उसळते. सायकलने तो दोष बराच टळतो.

(ई) चाल : वर्गनायकाने सेकंदागणिक टाळ्या द्याव्यात. जमिनीवर अर्ध्या मीटरवर खुणा केल्या व दर टाळीस एक खूण ओलांडली, तर वेग सेकंदाला ०·५ मीटर होतो. दर सेकंदास दोन खुणा ओलांडल्यास १ मीटर होतो. टाळ्या चालीस मदत म्हणून आहेत. वेग मात्र दोन रेषांमधील प्रत्यक्ष वेळेवरूनच काढावा.

(उ) वाचन : एका मुलाने बाजूने, थोडे दूर राहून, चालत जावे व मधल्या पाच मीटरांत पट्टी कोठे आहे ते वाचावे. मोबाइलवर चित्रण करून मागाहून सावकाश पाहिल्यास उत्तमच. प्रत्येक वेगास तीन फेऱ्या जाताना व तीन येताना कराव्यात. येताना साधनाचे तोंड फिरविण्यास विसरू नये. दोन फेऱ्यांमध्ये मिनिटभर थांबावे, म्हणजे ढवळलेली हवा शांत होते. दालनात किंचित झोत असला तर जाताना कोन अधिक व येताना कमी दिसेल. सरासरीने हा दोष बहुतांशी निघून जातो. परंतु जाता-येतानाच्या कोनांत मोठा फरक पडल्यास सरासरीवर विसंबू नये, जागा बदलावी.

६. फळ्यावरील कोष्टक

पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. मुलांनी स्वतःचेच आकडे लिहावेत.

१० मीटरला २० सेकंद : वेग ०·५ मी. : सरासरी कोन ५ अंश
१० मीटरला १० सेकंद : वेग १·० मी. : सरासरी कोन १७ अंश
१० मीटरला ६·७ सेकंद : वेग १·५ मी. : सरासरी कोन ३२ अंश
१० मीटरला ५ सेकंद : वेग २·० मी. : सरासरी कोन ४३ अंश

मुलांना विचारावे : वेग दुप्पट केला तर कोनही दुप्पट झाला काय? ०·५ वरून १ मीटर होताना कोन तिपटीहून अधिक वाढला, कारण वेग दुप्पट होता दाब चौपट होतो. मग १ वरून २ मीटर होताना तो अडीचपटच का वाढला? पट्टी जसजशी वर उचलली जाते तसतशी ती वाऱ्यास कमी सामोरी येते, म्हणून. हे उत्तर मुलांकडून काढून घ्यावे, आधी सांगू नये.

यानंतर आलेख काढावा. आडव्या अक्षावर वेग व उभ्या अक्षावर कोन घ्यावा. बिंदू सरळ रेषेत येत नाहीत. त्यांतून हाताने सुरेख वक्र काढावा. बिंदू ठिणग्यांसारखे विखुरले असतील तर आकडे दुरुस्त न करता प्रयोग पुन्हा करावा. हा वक्र म्हणजे त्या साधनाची सनद. साधनास क्रमांक द्यावा आणि वक्रावर तो क्रमांक व दिनांक लिहावा. पट्टी भिजली, वाकली किंवा बदलली, की जुना वक्र रद्द समजून नवे अंशांकन करावे.

७. उपयोजन

मोकळ्यावर साधन धरून पट्टी २४ अंशांवर स्थिरावली असे समजा. वक्रावरून वेग सुमारे १·२ मीटर येतो. ३·६ ने गुणता ताशी सव्वाचार किलोमीटरच्या आसपास. बाहेरचा वारा क्षणोक्षणी बदलतो, म्हणून एक मिनिट दर पाच सेकंदांनी कोन वाचावा, प्रत्येक कोनाचा वेग वक्रावरून काढावा आणि मग वेगांची सरासरी घ्यावी. सर्वांत अधिक वेगाचीही वेगळी नोंद करावी. ज्या उंचीवरील वारा हवा असेल त्याच उंचीवर साधन धरावे. हवामान खात्याच्या वृत्तातील वारा सामान्यतः १० मीटर उंचीवरचा असतो. पिकालगतचा वारा त्याहून मंद असतो.

मुलांना तीन बंधने पाळावयास लावावीत.

पहिले : वक्र जेथे संपतो तेथे आपले ज्ञानही संपते. पट्टी ५० अंशांवर गेली तर अंदाजाने आकडा लिहू नये, ‘२ मीटरपेक्षा अधिक’ असे लिहावे. पट्टी हललीच नाही तर ‘शून्य’ न लिहिता ‘साधनास न कळण्याइतका’ असे लिहावे.

दुसरे : वाचनातील चूक आकड्याबरोबर सांगावी. ५ अंशांजवळ एका अंशाची चूक म्हणजे वेगात सुमारे एकदशांश चूक. अर्ध्या मीटरच्या आतील वारा हवा असेल तर वहीच्या पातळ कागदाची दुसरी पट्टी करावी. ती अधिक झुकते, पण तिचे अंशांकन स्वतंत्र करावे लागते.

तिसरे : फवारणीचा निर्णय मुलांच्या आकड्यावर सोपवू नये. औषधाच्या वेष्टनावरील सूचना व कृषी सहायकांचा सल्ला हाच तेथे प्रमाण. मुलांनी फवारणीच्या वेळी शेतात जाऊ नये. साधन हाताळावयाचे ते शाळेच्या आवारात. मात्र ‘आज सकाळी आठ वाजता शाळेपाशी वारा इतका होता, दहा वाजता इतका झाला’ अशी नोंद शाळेच्या दर्शनी फळ्यावर महिनाभर लागली, तर आपल्या गावी वारा कोणत्या वेळी पडतो व केव्हा उठतो, हे पालकांस आकड्यांत दिसू लागेल. त्याचा उपयोग कसा करावा हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

८. प्रश्न

(१) चक्र फिरत नसताना वारा असू शकतो काय? कारण सांगा.
(२) दोन साधने एकाच वाऱ्यात निरनिराळे कोन दाखवितात. दोन्ही बरोबर असू शकतील काय?
(३) साधन जाताना १९ अंश व येताना १५ अंश दाखविते. दालनातील हवेविषयी काय अनुमान कराल?
(४) गावात अंशांकन लागणारी आणखी कोणती साधने आहेत? (वजनकाटा, दुधाचे माप, तापमापक इत्यादी उत्तरे अपेक्षित.)

यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर तोंडी देण्यापेक्षा करून दाखविणे अधिक बरे. म्हणून विनंती अशी की, केंद्राच्या आगामी शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपली पट्टी व तिचा वक्र बरोबर आणावा. सर्व पट्ट्या एका ओळीत, एकाच झुळुकीत उभ्या करू. कोणाची १५ अंश झुकेल, कोणाची २५. प्रत्येकाने आपापल्या वक्रावरून वेग काढून चिठ्ठीवर लिहावा. चिठ्ठ्या उघडल्यावर आकडे एकमेकांजवळ आले, तर आपल्या केंद्रातील मोजमाप खरे. एखाद्या शाळेचा आकडा दूर राहिला, तर तेथेच तिचे साधन सर्वांनी मिळून पुन्हा तपासावे.